बेरीज एक येईना

वहाबभाईंचं सोयाबीनचं गोदाम अमडापूरच्या जरा बाहेर, खामगावच्या रस्त्याला आहे. लोखंडी खांबांच्या दोन रांगा, त्यांवर छप्पर पेलणाऱ्या कैच्या, वर निळे पत्रे. आत शिरलं की पोत्यांचा कोंदट, तेलकट वास येतो. दाराजवळच्या खांबाला पाठ टेकून वहाबभाई पोत्यावर बसायचे. तिथून येणारी गाडीही दिसायची आणि तराजूही.

यंदा माल यायच्या आधी त्यांना आत माळा घालायचा होता.

"वरती अजून पोते ठेवता येतीन, सर. लोखंडाले झेपते का तेवढं सांगा."

मी तंत्रनिकेतनात बांधकामाचं गणित शिकवलं. पुस्तकाबाहेरचा अनुभव मला फार कमी. नाही म्हणावं असं मनात होतं, पण त्यालाही थोडा धीटपणा लागतो. मी हो म्हणालो.

शेजारच्या नारायणरावांची रुपाली चिखलीला मोजणीची कामं करते. तिच्या यंत्रानं प्रत्येक खांबाच्या वरच्या आणि खालच्या टोकाची जागा टिपली. लांबी मी टेपनं घेतली. हे आकडे संगणकात घातले की गोदामाची प्रतिकृती तयार होते आणि भार टाकून बघता येतो. त्यासाठी आधी प्रत्येक खांबाचे तीन अक्षांशी होणारे कोन ठरवावे लागतात. एक अक्ष पूर्व-पश्चिम, एक दक्षिण-उत्तर, एक उभा. या तीन कोनांच्या कोसाइनचे वर्ग केले आणि मिळवले की बेरीज एक येते. काठी कशीही धरा, एकच येते. काठीची सगळी लांबी या तीन दिशांत हिशेबाला लागली, एवढाच त्याचा अर्थ.

दाराजवळच्या खांबाची बेरीज एकापेक्षा कमी आली. म्हणजे टेपनं भरलेली लांबी या तीन दिशांत पुरती सापडत नव्हती.

माझंच चुकलं असणार. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा टेप लावला, ओळंबा सोडला. खांब सरळ होता. लांबी तेवढीच. रुपालीनं यंत्र दुसऱ्या कोपऱ्यात मांडून पुन्हा वाचन घेतलं. बेरीज आणखी थोडी उतरली होती.

वहाबभाई हसले. "सर, तुमचा कम्प्युटर आमच्या घरवालीसारखा हाय. मी सरळ उभा राह्यलो तरी म्हणते, वाकडे काऊन उभे?"

"वाकडे हावच तुम्ही," अमीनाभाभी चहाचे कप ठेवत म्हणाल्या. "कम्प्युटरले पण कळलं आता."

"काका, वाटून टाकू का?" रुपालीनं विचारलं.

मोजणीत शेवटी थोडी चूक उरतेच. ती सगळ्या बिंदूंवर थोडी थोडी वाटून द्यायची, असा रिवाज आहे. मीही वर्गात तेच शिकवलं. वाटून टाक, म्हणालो. बेरजा जुळल्या. मी माळ्याचा भार टाकला, खांबांना तो झेपला.

माळ्याचं लोखंड उतरलं त्या आठवड्यात मी खात्रीसाठी परत मोजमाप घ्यायला लावलं. आता सगळ्याच खांबांच्या बेरजा कमी येत होत्या. जेवढी चूक वाटून दिली होती, तेवढ्यानंच. दाराजवळच्या खांबाची तूट मात्र त्यानं कमी झाली नव्हती.

रुपाली यंत्र पेटीत ठेवू लागली. "काका, मी नाही येणार आता. आणि माझं नाव कुठं लिहू नका."

मी वहाबभाईंना बाहेर, दाराशी बाजूला बसवलं. काय सांगायचं ते मलाच ठरवता येत नव्हतं. "त्या खांबाला टेकून बसू नका," एवढंच म्हणालो.

"पडून राह्यला का?"

"नाही. पडणार नाही."

"मग?"

ते उठले तेव्हा त्यांचा पायजमा टाचेखाली लोळत होता.

"दोनदा आखूड केला," अमीनाभाभी म्हणाल्या. "सर, यायले काही होऊन तर नाही ना राह्यलं?"

दाराची लोंबती कडी त्यांच्या डोक्याला लागायची, म्हणून ते वाकून आत यायचे. आता ते ताठ चालत आत आले आणि कडी वर राहिली. मी टेप काढला. टाचेपासून टाळूपर्यंत साडेपाच फूट. भाभी म्हणाल्या, लग्नाच्या वेळीही तेवढेच होते.

काठीचं टोक आपल्याकडे केलं की काठी आखूड दिसते. तसे दिसत होते वहाबभाई. मी त्यांच्याभोवती फिरून पाहिलं. ते सगळ्या बाजूंनी आखूड होते.

त्यांनी बसायची जागा बदलली. गोदामात येणं सोडलं. चिखलीच्या डॉक्टरांनी वजन केलं, ते पूर्वीइतकंच भरलं. दुखत काहीच नव्हतं. ते घरी पलंगावर बसून राहायचे आणि पाय खाली टेकत नाहीत म्हणून हसायचे. पुढं हसणं थांबलं.

मी जुनी पुस्तकं काढली. हरवलेली लांबी जिकडे गेली असेल असा चौथा अक्ष कागदावर मांडता येतो. तसा मी मांडलाही, आणि त्यावर वहाबभाईंचा कोन किती ते काढलं. पण त्या दिशेनं हात कसा घालायचा, माणसाला धरून इकडे कसं ओढायचं, हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

"तुम्ही पोरायले हेच शिकवत होते ना?" भाभींनी विचारलं. "मग आणा त्यायले परत."

मी अक्षांचा कागद घडी करून खिशात घातला.

एका दुपारी भाभींनी मला बोलावणं धाडलं. पलंगावर चादर होती आणि चादरीवर कोणी नव्हतं. मधोमध खळगा पडला होता. भाभी भिंतीशी उभ्या होत्या.

"सर आले का?" वहाबभाईंचा आवाज. अगदी जवळून, नेहमीसारखा.

"आलो."

"इथून लई दिसते, सर. गोदामाचं आतलं दिसते. दुसऱ्या थप्पीतलं मधलं पोतं सडून राह्यलं. पोरायले काढाले सांगा."

नंतर ते पोतं खरंच तसं निघालं. शिवण शाबूत होती, आतला माल काळा पडला होता.

"वहाबभाई, हात द्या," मी म्हणालो. मी हात पुढं केला. कुठं करायचा ते कळत नव्हतं. वर केला, बाजूला केला, खळग्यात घातला. खळगा उबदार होता.

"तिकडे नाही, सर."

"मग कुठं?"

"सांगता येत नाही. तुमच्याकडे तशी बाजूच नाही."

भाभी पुढं आल्या. "भेव लागते का हो तुम्हाले? एकटे हाव ना तिथं?"

खळगा हळूच एका बाजूला सरकला. कोणीतरी अंग चोरून जागा करून द्यावी तसा.

"या, बसा," वहाबभाई म्हणाले.

ते आमच्याशी बोलत नव्हते.