निरोपाची पोथी

दिनकर थिटे वाईच्या एका धर्मग्रंथालयात नकलनवीस होता. म्हणायला संशोधक, करायला नकला. कुठल्या देवळात, मठात किंवा कुणाच्या माळ्यावर जुनी पोथी आहे असं कळलं की थिट्यानं तिथं जायचं, मालकाची मनधरणी करायची आणि पोथी देत नसतील तर तिथंच बैठक मारून उतरवून आणायची. लढाईचे दिवस होते. कागद मिळत नव्हता, रॉकेल मिळत नव्हतं, सर्व्हिस मोटारी कोळशावर चालत आणि चढ आला की उतारूंनाच खाली उतरून ढकलायला लागे. थिट्याची मात्र कशाबद्दल तक्रार नसे. जुन्या कागदाचा वास आला की हा गडी तहानभूक विसरायचा.

त्याला या वेडाला लावलं ते तात्याशास्त्र्यांनी. पाठशाळेत त्यांनीच त्याला शिकवलं, त्याचे आईबाप गेल्यावर आपल्या घरात वाढवलं. तात्यांनी अर्धं आयुष्य एकाच ग्रंथात घातलं होतं. मेलेल्या माणसाला कोण कसा निरोप देतं, त्याचा तो ग्रंथ. शास्त्रातलं सगळं त्यात आलं होतं. राहिली होती ती पूर्वेकडच्या माळावरच्या मेंढपाळांची पोथी. त्यांच्यात माणूस गेलं की ती वाचतात, आणि जाणाऱ्याला पुढची वाट सांगतात, एवढंच ऐकून माहीत होतं. पाहिली कुणीच नव्हती. त्या मार्गशीर्षात तात्यांचा दमा विकोपाला गेला. थिटे पायाशी बसला असताना ते म्हणाले, "दिनू, ती पोथी तेवढी ऐकायला मिळाली पाहिजे रे. मग काही मागणं नाही."

थिट्यानं शब्द दिला. तात्यांच्या हयातीत पोथी आणायचीच, या एका ध्यासानं तो निघाला. कराडपर्यंत मोटार, तिथून विट्यापर्यंत दुसरी, आणि पुढं बैलगाडीनं उघड्या माळावरून. आभाळ दिवसभर भरलेलं, पण त्या मुलखातलं आभाळ भरून येतं आणि तसंच निघून जातं. झाड म्हणून दिसेना. टेकडीवर एक दगडी मठ, खाली धनगरांच्या चार वाड्या, आणि वाऱ्यावर ओल्या लोकरीचा वास.

मठाची देखभाल आकाराम आणि त्याची बायको हरणाबाई यांच्याकडं होती. दोघंही म्हातारी, बोलायला कमी. पोथी नेऊ द्यायला आकाराम तयार झाला नाही, पण तात्यांच्या दुखण्याचं ऐकून उतरवून घ्यायला हो म्हणाला. फक्त एक अट त्यानं घातली.

"डोळ्यानं वाचा, मास्तर. तोंडानं वाचायची न्हाई."

का, ते त्यानं सावकाश सांगितलं. ही निरोपाची पोथी. वाडीत कुणी गेलं तरच उघडायची. भिंतीशी एक पाट मांडायचा, पुढं तांब्याभर पाणी ठेवायचं आणि एकानं बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत न उठता वाचायची. जाणारं माणूस पाटावर येऊन ऐकतं. सगळं ऐकून झालं की त्याला वाट कळते आणि ते जातं. कुणी मेलं नसताना मोठ्यानं वाचली तर मात्र पोथी आपला ऐकणारा आपणच शोधते. थिट्यानं हे सगळं मनातल्या मनात टिपून घेतलं. तात्या खूश होतील, एवढंच त्या क्षणी त्याच्या डोक्यात आलं.

दुसऱ्या दिवशी न्याहारी करून तो मठात बसला. आत अंधार दाटलेला, एका झरोक्यातून राखाडी उजेड पानावर पडत होता. धूप, वटवाघळं आणि जुनं तेल यांचा मिळून एक वास. पोथीचं अक्षर मोठं आणि स्वच्छ होतं. थिट्यानं बोरू शाईत बुडवला आणि कामाला लागला.

आता चूक म्हणायची तर ती इथंच झाली, आणि ती पाठशाळेत शिकलेल्या माणसाकडूनच व्हायची. लहानपणापासून त्याला एकच शिकवलेलं होतं, की नक्कल करताना ओळ आधी तोंडानं म्हणायची, मग लिहायची. डोळा फसतो, जीभ फसत नाही. म्हटल्यावाचून उतरवलेल्या ओळीवर तात्यांची छडी बसायची. थिट्यानं सुरुवातीला ओठ घट्ट मिटून धरले. पोथीचं नाव आणि वरची नमनाची ओळ तशीच गेली. मग हात चालू लागला, मन रमलं, आणि ओठ कधी सुटले ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

*वाटे लागलिया जीवा । मागें पाहों नको तेव्हां । घरची हाक पडेल जेव्हां । ओ देऊं नको ॥*

"हूं…"

कुणीतरी हुंकार दिला. कथा सांगताना ऐकणारा देतो तसा. आकाराम दाराशी बसला असेल असं थिट्याला वाटलं, आणि खरं तर बरंही वाटलं. हुंकार देणारा असला की वाचणाऱ्याला हुरूप येतो. त्यानं पुढची ओवी म्हटली, लिहिली. पुन्हा हुंकार आला. असं किती वेळ चाललं कोण जाणे. वाचता वाचता त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. हुंकाराच्या आधी दरवेळी एक बारीक धाप लागत होती. श्वास आत घेताना छातीत शीळ वाजावी तशी.

ती धाप त्याच्या ओळखीची होती. त्या धापेच्या आवाजावर तो लहानाचा मोठा झाला होता.

थिट्यानं मान वर केली. दाराशी कुणी नव्हतं. बाहेर दूर माळावर आकाराम मेंढरांमागं चाललेला दिसत होता. वळून पाहिलं तर भिंतीशी हरणाबाई वाकून पाट मांडत होती. पाटापुढं तिनं पाण्याचा तांब्या ठेवला.

"खाली तुमचा आवाज आला," ती हळू म्हणाली. "आता सुरू झालंय, मास्तर. उठू नगा."

"पण… कुणासाठी?"

"आमच्यात कोन गेलं न्हाई. तुमच्यात कोन आजारी हाय का बगा."

सगळी पोथी वाचली तर ऐकणारा जातो, हे त्याला आकारामनंच सांगितलं होतं. म्हणजे पुढची पानं वाचणं म्हणजे आपल्या तोंडानं तात्यांना वाटेला लावणं. त्याला ते जमणार नव्हतं. ज्या माणसासाठी इथवर आलो त्यालाच घालवायचं? त्यानं म्हणता म्हणता ओवी मध्येच सोडली, पानं गोळा केली आणि पोथी रुमालात बांधून टाकली.

हरणाबाईनं त्याचा हात धरला नाही की ती रागावली नाही. तिच्या चेहऱ्यावर दया होती, आणि तीच थिट्याला सोसेना. अर्धं ऐकलेलं माणूस जाईना आणि राहीना होतं, असं ती म्हणाली. तो ऐकायला थांबला नाही. आपण तात्यांना वाचवलं, असं स्वतःला बजावत तो टेकडी उतरला. मागं अंधाऱ्या मठात कुणीतरी धापा टाकत वाट पाहत होतं.

वाईला पोचला तर तात्यांच्या दारात पेढे वाटत होते. त्यांची मुलगी अंबूताई त्याच्या सामोरी आली ती हसत आणि डोळे पुसत. तिचा नवरा पलटणीत कारकून होता, इराकमध्ये कुठंतरी, म्हणून ती माहेरी वडिलांपाशी राहत होती. तिनं सांगितलं, की परवा दुपारी तात्यांचा श्वास थांबला होता. जमिनीवर काढून घेतलं, तोंडात गंगा घातली, आणि रडारड चालू असताना ते आपले आपण उठून बसले. दमा कुठल्या कुठं गेला होता. थिट्याला हुंदका आवरेना. त्यानं धावत जाऊन तात्यांचे पाय धरले.

पाय गार होते. तात्या भिंतीला टेकून ताठ बसले होते. त्यांनी थिट्याकडं पाहिलं आणि एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाले,

"पुढें लागेल कोरडी नदी… काठीं बसली थकली मांदी… त्यांत मिसळूं नको कधीं…"

आणि थांबले. थिट्यानं मठात सोडली होती ती हीच ओवी, आणि इथंच. या जन्मी ती तात्यांनी ऐकलेली असायचं कारण नव्हतं.

"पुढं?" तात्या म्हणाले.

थिट्याकडं पुढचं नव्हतं. त्यानं उतरवून आणलेलं सगळं तिथंच संपत होतं.

मग रोज तेच. ग्रंथ, ग्रंथालय, माणसं, कशातच तात्यांना गोडी राहिली नाही. जेवण नाही, पाणी नाही, डोळ्याला डोळा नाही. दार वाजलं की दाराकडं बघायचे आणि विचारायचे, "पुढं?" भेटायला येणारे आधी कौतुकानं यायचे, मग उंबऱ्यातूनच परतू लागले. शेवटी यायचे थांबले. कृष्णेच्या घाटावर बायका तात्यांचं नाव निघालं की विषय बदलू लागल्या.

एका दुपारी अंबूताईनं थिट्याला अंगणात बोलावलं. तात्यांना तिनं उन्हात बसवलं होतं.

"दिनूदादा, हात लावून बघा," ती म्हणाली. "सकाळपासून उन्हात आहेत. गार ते गारच. आणि… छातीला कान लावला मी. आत काही नाही." तिनं तात्यांच्या अंगावरची शाल नीट केली. "तिथं काय अर्धं टाकून आलात ते मला सांगू नका. फक्त पुरं करून या. माझे वडील आहेत हो ते."

तो निघताना तिनं त्याच्या हातावर शिदोरी ठेवली, तेव्हा तिच्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या. ती उभ्या उभ्याच झोपेला आली होती, चेहरा ओढलेला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. थिटे पुन्हा कराडच्या मोटारीत बसला. वाटभर त्याला रडू येत होतं. आता तो तात्यांना सोडवायला निघाला होता आणि सोडवणं म्हणजे काय ते त्याला पुरतं ठाऊक होतं.

मठात पाट होता तिथंच होता. हरणाबाईनं तांब्यातलं पाणी बदललं आणि ती दाराशी बसली. आभाळ तसंच भरलेलं होतं. थिट्यानं पोथी सोडली, पान काढलं आणि या वेळी राहिलेली ओवी मोकळ्या आवाजात पुरी केली.

*त्यांत मिसळूं नको कधीं । चालत राहें ॥*

"हूं…" लगेच आला. धापेसकट. इतके दिवस रोखलेला श्वास सोडावा तसा.

तो वाचत गेला. तात्यांनी आपल्याला मांडीवर घेऊन अक्षरं गिरवायला लावली होती ते त्याला आठवत होतं. धाप हळूहळू कमी होत गेली. हुंकार शांत येऊ लागला. पानं सरत आली. शेवटचं थोडं राहिलं असताना त्यानं एक ओवी संपवली आणि हुंकार आला.

मग दुसरा आला.

दुसरा हुंकार बाईचा होता.

थिट्यानं हरणाबाईकडं पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. ती भिंतीकडंच बघत होती.

"थांबू नगा," ती कुजबुजली. "आदी ह्यास्नी पोचवा."

त्यानं थांबायचं नाही असं ठरवलं. थांबल्यावर काय होतं ते त्यानं उन्हात गार बसलेलं पाहिलं होतं. शेवटची ओवी झाली. तात्यांचा हुंकार आला, लांब आणि तृप्त, आणि त्यानंतर तिथं धाप राहिली नाही. थिट्यानं पोथीवर डोकं टेकलं आणि तो लहान पोरासारखा रडला. तात्या सुटले होते. त्यानं दिलेला शब्द, उशिरा का होईना, पाळला होता.

"हूं…?"

कुणी काही वाचत नसताना हुंकार आला. बाईचा. पुढचं विचारल्यासारखा.

हरणाबाई उठली. कोपऱ्यातून आणखी एक पाट आणून तिनं पहिल्याशेजारी मांडला.

"ह्या मधनंच आल्या," ती म्हणाली. "ह्यास्नी शेवटचंच ऐकाया मिळालं. पयल्यापास्नं वाचाया लागंल, मास्तर."

"पण… कोण?"

"तुमचं तुमास्नी ठावं. लई दमलेलं मानूस ह्या आवाजाला आपनच येतं."

थिट्यानं मनाशी विचार करून पाहिला. पोथी मिटून खाली जावं, मोटार गाठावी, घरी सगळी आहेत का ते बघावं. पण ही जी कुणी पाटावर येऊन बसली होती ती अर्ध्यावर राहिली असती. ती कुठंतरी भिंतीला टेकून ताठ बसली असती आणि तिच्या हातापायांना उन्हाचीही ऊब लागली नसती. त्यानं पानं पुन्हा लावून घेतली. पहिलं वर ठेवलं. झरोक्यातला उजेड पानावरून सरकत चालला होता.

त्यानं पहिली ओवी म्हटली. हुंकार आला, दमलेला, झोपेत दिल्यासारखा, आणि त्याबरोबर काचेच्या बांगड्यांची बारीक किणकिण झाली. हरणाबाईच्या हातात बांगड्या नव्हत्या, चांदीचे भरीव गोठ होते.

तो आवाज ओळखायचा नाही असं ठरवून थिटे आणखी मोठ्यानं वाचू लागला.