जास्तीचं ताट

वैरागमाळाच्या रणभूमी उद्यानात तिकिटाच्या खिडकीवरच थुंकी घेत. "थुंकायला तिकीट काढायचं, नवलच हाय," असं पुटपुटत तात्या धायगुड्यांनी कापसाचा बोळा गालात फिरवून दिला. त्यांच्या सुनेला, रेवतीला, हसू आलं नाही. तिचा जीव त्या बोळ्यात अडकला होता.

हिरवळीत जागोजाग गुडघ्याएवढ्या सळया रोवलेल्या होत्या. त्यांना मातीवाचक म्हणत. हाडं विरघळली तरी त्यांच्यातल्या जनुकांच्या खुणा मातीत उरतात. त्या वाचून, थुंकीशी ताडून सळई सांगे, इथे पडलेला माणूस कोणाच्या रक्ताचा.

धायगुड्यांचा म्हाकोजी पावणेतीनशे वर्षांपूर्वी इथल्या लढाईला गेला, तो परतलाच नाही. माणूस सापडल्याशिवाय सुतक धरायचं नाही, हा त्या घराचा नेम. म्हणून घरात रोज आधी म्हाकोजीचं ताट वाढायचं, मग बाकीच्यांनी जेवायचं. सहा वर्षांपूर्वी रेवतीचा नवरा उदय सीमेवरच्या बर्फात बेपत्ता झाला आणि त्या ताटाशेजारी दुसरं ताट आलं. सरकारने उदयला मृत ठरवलं, तात्यांनी नाही. रेवती आता चौतीस वर्षांची होती. शाळेतल्या कदम सरांनी तिला दोनदा विचारलं होतं. माणूस भला, पण तिसऱ्यांदा काही विचारणार नव्हता. म्हाकोजी सापडला तर नेम सुटेल, तात्या उदयचेही दिवस घालतील, या एका आशेवर तिने म्हाताऱ्याला इतक्या लांब आणलं होतं.

खंदकाजवळची एक सळई पिवळी उजळली.

"सापडले, काका," उद्यानातली कर्मचारी मुलगी म्हणाली. "वय बावीसच्या आसपास. सगळ्यात खालच्या थरात आहेत. म्हणजे लढाईला तोंड फुटताच पडले."

म्हणजे घरात पहिलं ताट वाढलं तेव्हाही म्हाकोजी मातीतच होता. रेवतीला रडू फुटलं. खरं तर तिला हायसं वाटलं होतं, आणि त्याचीच लाज वाटत होती.

तात्यांनी टोपी काढून मातीला हात लावला. "पोरगाच हुता की," ते म्हणाले. मग त्या मुलीकडे वळले. "बर्फातला माणूस सापडतो का ह्यात?"

"अजून नाही, काका. पुढे जमेलही. शंभर वर्षांनी म्हणा, दोनशे म्हणा."

"जमंल. ह्याला पावणेतीनशे लागली."

कडुनिंबाखाली रेवतीने डबा सोडला. घरून चार ताटं आणली होती. त्यातलं एक तात्यांनी धोतराच्या सोग्याने पुसलं आणि पिशवीत परत ठेवलं. रेवती त्यांच्या हाताकडे बघत राहिली. उरलेल्या तिनांपैकी एकात त्यांनी आधी भाकरी वाढली, शेजारी ठेचा, उदयला लागायचा तेवढाच.

"बघितलंस? वाट बघितली की माणूस सापडतो," ते म्हणाले. कित्येक वर्षांत त्यांचा चेहरा इतका खुलला नव्हता. मग घास हातातच राहिला. "माझं काय, आज हाय, उद्या नाही. तू हायेस तोवर घोर नाही. पण पोरी, तुझ्यामागं हे ताट कोण वाढणार?"