पानाची पाठ

तिने भट्टीचं बटण दाबलं आणि साऱ्या इमारतीचे दिवे गेले.

तिने घाबरून बटण आणखी दोनदा दाबून पाहिलं, जणू त्याने काही फरक पडणार होता! एवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि वरच्या मजल्यावर नव्यानेच आलेला दातांचा डॉक्टर दारात उभा राहिला. हातात रबरी मोजे, मास्क हनुवटीखाली ओढलेला.

"तुमच्याकडे काही मोठं यंत्र सुरू झालं का हो?"

"भट्टी... पण छोटीशीच आहे."

"छोटीशी? वर एक काका तोंड उघडून बसलेत. अर्धा दात कोरून झालाय."

"अगं बाई! मग त्यांना म्हणावं, तोंड मिटा तोवर."

"मिटलं की ते बोलायला लागतात," तो म्हणाला. "म्हणून तर उघडं ठेवलंय."

तिला हसू फुटलं. तिने टॉर्च धरला, त्याने फ्यूज बदलला. उजेड फ्यूजवर कमी, त्याच्या कानावर जास्त पडत होता. दिवे आले. डॉक्टरसाहेब वर पळायचं सोडून काचेच्या कपाटापुढे जाऊन उभे राहिले.

"हे पान... तुम्ही केलंय?"

तिने टॉर्च विझवला. नेमकं तेच पान त्याला दिसायला हवं होतं का?

त्या पानाची गोष्ट अशी. खालच्या मजल्यावरचा हा कारखाना मावशीचा. तांब्याच्या पत्र्यावर काचेची रंगीत पूड पसरायची आणि भट्टीत भाजून दागिना करायचा, हे मीनाकाम, म्हणजेच इनॅमलचं काम, मावशीने तिला हात धरून शिकवलं होतं. शिकवताना एक गोष्ट शंभरदा बजावली होती: आधी पाठीला काच दे, मग पुढे रंग भर. एकाच बाजूला काच असली की थंड होताना तांबं वाकतं आणि पुढची काच तडकते. पण परवा मावशी गावाला गेलेली, भाचीला घाई झालेली. पाठ कोण बघतंय, असं म्हणत तिने तांब्याच्या पानाची नुसती पुढची बाजू निळी केली. पान निघालं देखणं! आणि गार होता होता 'टिक्' असा आवाज झाला आणि टोकाचा टवका उडाला. मावशीने पाहिलं तर काय म्हणेल, या धास्तीने तिने टवक्यावर त्याच रंगाचं नेलपॉलिश लावून पान कपाटात ठेवून दिलं.

"ताईचा आज वाढदिवस आहे," तो म्हणत होता. "इतकं सुंदर काही मिळेल असं वाटलं नव्हतं. द्याल मला?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? पण मावशीखेरीज तिचं काम आजवर कुणी पाहिलं नव्हतं. सुंदर तर मावशीही म्हणाली नव्हती.

"देते," ती म्हणाली. आणि पान घेऊन तो वर गेल्याबरोबर तिला स्वतःची अशी काही लाज वाटली की तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

काही दिवसांनी तो पुन्हा दारात आला. कॉलर सारखी केली, घसा खाकरला.

"ते पान..."

तिने दचकून वर पाहिलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. पाहतच राहिला. "...ताईला फार आवडलं," तो म्हणाला आणि ताईसाठी कानातलेही करायला सांगून गेला.

मग तो येतच राहिला. कधी फ्यूज ठीक आहे ना ते बघायला, कधी चहाला साखर मागायला. दातांचा डॉक्टर आणि साखर मागतो! "आपला धंदा एकच," तो म्हणायचा. "तुम्हीही इनॅमलवर काम करता, मीही." हसला की सगळी दंतपंक्ती लखलखायची आणि तिला ते हसू मनापासून आवडायचं. पण लगेच ते निळं टोक आठवायचं. तो कौतुक करायचा आणि ती ओशाळी होऊन खाली बघायची. त्याची पावलं ऐकू यावीत म्हणून कान टवकारून बसायची आणि ऐकू आली की कुठे लपू असं व्हायचं.

"दातवाला आला की तुझं तोंड का उतरतं गं?" परत आलेल्या मावशीने विचारलं. "आवडत नाही वाटतं?"

"आवडतो म्हणूनच तर..." ती बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली.

कानातले तयार झाले तेव्हा मावशी आत भांडी घासत होती. त्याने एक डूल उलटा करून पाहिला.

"मागेही निळा? मागचं कोण बघतंय?"

अगदी तिचेच शब्द! तिचे डोळे एकदम भरून आले.

"मागे नाही दिलं तर पुढचं तडकतं," ती म्हणाली. "त्या पानाला मी दिलं नव्हतं. त्याचा टवका उडाला होता... मी त्यावर नेलपॉलिश लावलं होतं. तुम्ही सुंदर म्हणालात आणि मला सांगवेना. तुम्हाला फसवलं मी. आता ताईंना काय सांगायचं ते सांगा."

त्याने शर्टाच्या खिशातून पान काढून टेबलावर ठेवलं. टोकाला उघडं तांबं दिसत होतं.

"ताई नखांचा रंग काढत होती. त्या बाटलीतलं पानावर सांडलं आणि टोकही पुसलं गेलं," तो म्हणाला.

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?" शरमेने ती अर्धमेली झाली आणि मग तिला रागही आला. "आणि रोज येऊन माझी गंमत बघत होतात!"

"नाही हो! त्या दिवशी मी हे पान घेऊन भांडायलाच आलो होतो, तेव्हापासून ते खिशातच आहे. जिन्यात वाक्यंसुद्धा पाठ केली होती. तुम्ही वर पाहिलंत आणि... 'फार आवडलं' असं तोंडातून निघून गेलं. मग ते परत कसं घेणार?" आता त्याची मान खाली गेली होती. "फ्यूजला काही झालेलं नव्हतं. साखरही घरात आहे."

आत भांड्यांचा आवाज केव्हाचा थांबला होता.

तिने नाक पुसलं आणि पान हातात घेतलं. "भट्टी लावते. वर कुणी तोंड उघडून बसलंय का?"

"कुणी नाही."

तिने पान स्वच्छ घासलं. आधी पाठीला पूड दिली, मग टोकाला. भट्टीच्या तांबूस उजेडात दोघं शेजारी उभी राहिली. पान बाहेर आलं, गार झालं. ती कान देऊन ऐकत राहिली. 'टिक्' झालं नाही.

"टोकाचा निळा जरा काळपट आलाय," तो काही म्हणायच्या आत ती म्हणाली. "आणि इथे रेघ राहिली आहे. आत्ताच सांगून टाकते."

त्याने पान हळूच तळहातावर घेतलं. "मग माझंही आत्ताच ऐका. माझा पुढचा एक दात खोटा आहे."

"काय सांगता! कुठला?"

"ओळखा बघू."

इतके दिवस मान खाली घालून चोरून पाहिलेलं ते हसू तिने आज सरळ नजरेने पाहिलं. "नाही ओळखू येत."

"एवढ्या लांबून कसा येईल? जवळ ये ना..." तो म्हणाला आणि एकदम गडबडला. "म्हणजे, या. या म्हणायचं होतं मला."

"राहू दे तसंच," ती म्हणाली. "ये म्हणालास तेच चांगलं आहे."

आणि दात ओळखायला ती जवळ गेली.