छत न ठोकता

ही घटना माझ्या डोळ्यांदेखत घडली असं म्हणता येणार नाही, कारण दिसलं काहीच नाही.

पण खरी आहे. चौदा साक्षीदार आहेत. सगळे खाणीतले सुपरवायझर. डोक्यावर दोनशे मीटर खडक घेऊन डबा खाणारी माणसं. ती उगाच दचकत नाहीत.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. माझ्याकडे रात्र नाही. बुधवार होता, दुपारचे सव्वादोन. जेवणानंतरचं सत्र.

जागा म्हणजे खाणीच्या ऑफिसमागचा प्रशिक्षण हॉल. वर थर्माकोलच्या चौकोनांचं फॉल्स सीलिंग. एसीखाली बादली. ‘सुरक्षा प्रथम’ हा बोर्ड भिंतीवरून तीनदा पडल्यामुळे खाली टेकवून ठेवलेला.

मी तिथला सुरक्षा प्रशिक्षक. माझं कुणी ऐकत नाही, याची मला सवय आहे.

सात नंबरचा बोगदा दोन वर्षं बंद होता. तो सोमवारी उघडायचा होता. त्याआधी सुपरवायझरांना तीन दिवस जोखीम व्यवस्थापन शिकवायचं आणि शुक्रवारी चौदाही जणांची सही घ्यायची. छत तपासण्याची पद्धत समजली, ती पुरेशी आहे, मान्य आहे... एवढाच मजकूर.

तिसऱ्या रांगेत माझे भावोजी बसले होते. ताईचे यजमान. घरी मला ‘तू’ म्हणतात. इथे ‘सर’ म्हणतात, पण असं की शिवी बरी.

मी बेचाळीस नंबरची स्लाइड लावली आणि वाचली.

“सात नंबरचा बोगदा. अनुभवी कामगार छत न ठोकता पुढे गेला. छत कोसळून मृत्यू. कारण, निष्काळजीपणा.”

खाणीत न उतरलेल्यांसाठी सांगतो. नव्या जागी पाऊल टाकण्याआधी पहारीने छत ठोकून बघतात. खणखणीत वाजलं तर खडक भक्कम. भद् वाजलं तर आत पोकळ, आल्या पावली मागे.

माझं वाक्य संपलं, आणि...

टण्. टण्.

टण्ण.

डोक्यावरून.

मग लोखंड दगडावरून ओढत नेल्यासारखी खरखर. एक पाऊलभर. मग पुन्हा...

टण्. टण्. टण्ण.

चौदा माना वर झाल्या.

“थर्माकोल असं वाजतं का हो?” मागून कुणीतरी विचारलं.

नाही वाजत. थर्माकोलवर काही आपटलं तर फस् होतं. हा खडकाचा आवाज होता. भरीव, खणखणीत.

“थांबाकाका,” भावोजी पुटपुटले.

कुणीच हसलं नाही.

थांबाकाका म्हणजे त्या स्लाइडमधला कामगार. तीस वर्षं छत ठोकणं हेच त्यांचं काम. प्रत्येक पावलाआधी “थांबा” म्हणायचे. कॅन्टीनच्या रांगेतसुद्धा म्हणायचे, त्यामुळे मागचे कायम वैतागलेले. दोन ठोके हलके, एक जोराचा, ही त्यांची पद्धत. सगळी खाण ती ओळखायची.

“पुढची स्लाइड,” मी म्हणालो. कोर्स वेळेत संपवणं हेच माझं खरं काम होतं.

संध्याकाळी मी तक्रार नोंदवली. तक्रारीच्या फॉर्मवर कारणांची यादी असते. ‘विद्युत’, ‘पाणीगळती’, ‘कबुतरं’, ‘इतर’. ‘इतर’ निवडलं की तक्रार पुढे सरकत नाही, हे अनुभवाने माहीत होतं. मी ‘कबुतरं’ निवडलं.

गुरुवारी सकाळी मेकॅनिक शिडी घेऊन आला. त्याने सीलिंगचे सहा चौकोन उतरवले.

“काय आहे वर?”

“धूळ.”

“आणि?”

“आणखी धूळ. सही करा, काम झालं.”

वरच्या गच्चीला कुलूप होतं, आणि त्याची किल्ली रजेवर गेलेल्या स्टोअरकीपरच्या ड्रॉवरमध्ये. ड्रॉवरलाही कुलूप होतं.

दुपारी मी ती स्लाइड गाळणार होतो.

“सर, कालची ती बेचाळीस नंबरची राहिली नीट समजायची,” भावोजी म्हणाले. “परत वाचता?”

“समजण्यासारखं काय आहे त्यात?”

“वाचा तर.”

मी वाचली. ‘छत न ठोकता’पर्यंत आलो...

टण्. टण्. टण्ण.

मी थांबलो. आवाजही थांबला.

पुन्हा वाचलं. पुन्हा ‘न ठोकता’वर...

टण्.

“जोखीम-तक्त्यात घालू या,” पहिल्या रांगेतला जाडा सुपरवायझर म्हणाला. “पुन्हा घडण्याची शक्यता, पाचपैकी पाच.”

“परिणाम किती?” दुसऱ्याने विचारलं.

तो रकाना कुणी भरला नाही.

चहाच्या सुट्टीत भावोजींनी मला जिन्याखाली गाठलं. आता ‘सर’ नव्हतं.

“चौकशीचा अहवाल तूच टाईप केलास ना?”

“साहेबांनी सांगितला, मी केला.”

“काकांबरोबर वेल्डर होता. तो काय म्हणाला होता?”

मी चहाच्या कपात बघत राहिलो.

“अरे, तोंड आहे ना तुला? शिकवताना तर तीन-तीन तास चालतं.”

मग मी सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

वेल्डर म्हणाला होता, काकांनी छत ठोकलं. तीनही ठोके. खणखणीत वाजलं. काका म्हणाले, “चला.” आणि दुसऱ्या पावलाला छत खाली आलं.

तडा खूप वर असेल तर खालचा जाड थर भक्कमच वाजतो. असं क्वचित होतं, पण होतं. सात नंबरमध्ये झालं होतं. मॅनेजर साहेब तेव्हा म्हणाले होते, “खणखणीत वाजलेलं छत पडतं असं लिहिलं, तर उद्या खाली उतरेल कोण? ‘न ठोकता’ लिही. गेलेला माणूस अपिलात जात नाही.”

मी एक ‘न’ घातला होता.

“म्हणजे तिथे ठोकून काही कळतच नाही,” भावोजी म्हणाले. “आणि ठोकून कळतं, यावर तू आमच्या सह्या घेणार. पहिली पाळी माझी आहे, माहीत आहे ना? ताईला काय सांगशील? निष्काळजीपणा?”

शुक्रवारी सकाळी मी साहेबांकडे गेलो.

“अहवाल बदलावा लागेल, साहेब.”

“बंद झालेला अहवाल मुख्य कार्यालयच उघडू शकतं.”

“मग त्यांना कळवा.”

“आपण कळवलं तर ते विचारणार, चुकीचा कुणी लिहिला. कुणी लिहिला?”

मी उठायला लागलो.

“छतावरच्या आवाजाचं ऐकलं मी,” साहेब म्हणाले. “भूत असेल तर ते कंत्राटी असणार. आपल्या हजेरीत नाही. जा, सह्या घे.”

मी हॉलमध्ये आलो. कागद वाटले. मग ते परत गोळा केले. चौदा जण माझ्याकडे बघत होते. मी वर बघत होतो.

“थांबाकाकांनी छत ठोकलं होतं,” मी म्हणालो. “खणखणीत वाजलं होतं. तरी पडलं. अहवालात खोटं मी लिहिलं.”

आम्ही वाट बघितली...

काही नाही.

एसीचं पाणी बादलीत पडत होतं, तेवढंच.

एकानेही सही केली नाही. सोमवारी बोगदा उघडला नाही. माझी बदली मात्र सोमवारीच झाली. दुसऱ्या गावी, रेकॉर्ड रूममध्ये. या बाबतीत आमची यंत्रणा अतिशय कार्यक्षम आहे.

याला आठ महिने झाले.

गेल्या बुधवारी भावोजींचा फोन आला. नवा प्रशिक्षक आलाय. हसतमुख आहे, बिस्किटं वाटतो. बोगदा या सोमवारी उघडतोय. सही नाकारेल त्याला घरी बसवणार. निम्मे सुपरवायझर नवीन, त्यांनी काका बघितलेलेच नाहीत.

“स्लाइड?” मी विचारलं.

“तीच. बेचाळीस. त्याने वाचली.”

“आणि?”

“काही वाजलं नाही.”

मी खुर्चीत बसलो.

“मी त्याला तीनदा वाचायला लावली,” भावोजी म्हणाले. “काही नाही. तू बोललास त्या दिवसापासून काका गेले ते गेलेच. त्यांचं समाधान झालं रे. अहवाल तोच राहिला, हे त्यांना कोण सांगणार?”

“भावोजी, सही करू नका.”

“मग लेखी दे. खोटं दिलं होतंस तसं खरंही दे.”

त्याच दिवशी दिलं. चार ओळी, खाली माझं नाव आणि सही. मुख्य कार्यालयाचं उत्तर अर्ध्या तासात आलं. आपला अर्ज मिळाला, पंचेचाळीस कामकाजाच्या दिवसांत विचार करू. मी फोन केले. एकाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने पहिल्याकडे.

आज शनिवार. उघडण्याआधीची पाहणी आज होती. ती करायला भावोजींना पाठवलं होतं. मघाशी त्यांचा फोन आला.

“जाऊन आलो,” ते म्हणाले. “अगदी टोकापर्यंत. स्वतः ठोकलं.”

“मग?”

“खणखणीत वाजलं.”

दोघांनाही फोन ठेवता येईना.