उत्तरेची खिडकी

“दोन्ही खिडक्यांना काळी काच घाला. अगदी गडद!” धाकट्याने खिडकीवाल्याला सांगितलं, आणि दाराशी चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या आक्काच्या काळजात चर्र झालं... पण चेहऱ्यावर? छे! चेहऱ्यावर काही दिसू देईल तर ती आक्का कसली!

ही मागची खोली म्हणजे आक्काचं राज्य. आई आधीच गेलेली, आणि वडीलही अचानक गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची, धाकटा भाऊ जेमतेम सहा. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल तिने या उत्तरेच्या खिडकीखाली ओढून घेतलं, डोळ्याला भिंग लावलं, आणि चोवीस वर्षं त्या एका उजेडावर घर चालवलं! लग्नाच्या गोष्टी आल्या नि गेल्या. ‘धाकट्याचं शिक्षण होऊ दे’ म्हणता म्हणता कानशिलं पांढरी झाली, पण तिच्या अंतःकरणात कधी तक्रार उमटली नाही.

आता घरात पाच महिन्यांचं बाळ होतं. जुन्या चौकटी कुजून गेल्या होत्या, तेव्हा सगळ्याच खिडक्या बदलायचं ठरलं. पुढच्या खोलीत रस्त्याचा गोंगाट, म्हणून बाळ झोपणार मागच्या खोलीत. आणि बाळाचे डोळे नाजूक, त्यांच्यावर कडक ऊन येऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. यात चुकीचं काय होतं? काहीच नाही! आक्काने काल भीत भीत फक्त “मग माझ्या टेबलाचं...?” एवढंच विचारलं, आणि कामावरून दमून आलेला धाकटा ताडकन बोलून गेला, “आक्का, माझ्या बाळाच्या डोळ्यांपेक्षा तुझं टेबल मोठं झालं का?”

एवढं एकच वाक्य! ती हसली आणि म्हणाली, “वेडा रे वेडा! मी काम बंदच करणार होते. हात थरथरतात हल्ली.” आणि या शहाण्याला ते खरं वाटलं!

“टेबल निघालं की पाळणा इथे येईल,” तो आज खिडकीवाल्याला समजावत होता. “आक्काचे हात थरथरतात आता. काम सोडतेय ती.”

खिडकीवाल्याने टेप खाली ठेवली. “कुणाचे हात? ताईंचे? अहो, गेल्या सोमवारी यांनी माझ्या घड्याळात केसाएवढा स्क्रू बसवला. मी समोर बसून होतो. थरथरले असतील तर माझे, नुसतं बघताना!”

“तुम्ही आपलं माप घ्या हो!” आक्का घाईने म्हणाली, आणि कपातला चहा बशीत सांडला. “बघा... थरथरतात की नाही!”

कुणीच हसलं नाही. खिडकीवाला मात्र एकदा बोलायला लागला की थांबणारा नव्हता. “आणि या खिडकीला काळी काच कशाला? ऊन येतं ते त्या पश्चिमेच्या खिडकीतून. तिला गडद काच घाला, वर बाहेरून झडप देतो. इथून नुसता उजेड येतो, ऊन नाही. घरात कोण कुठे बसतं ते विचारल्याशिवाय काच ठरवू नये माणसाने.”

बाळाला खांद्यावर घेऊन भावजय पुढे आली. “ताई, तुम्हाला हे माहीत होतं?”

“चोवीस वर्षं बसतेय इथे. मला नाही कळणार ऊन कुठून येतं ते?”

“मग काल बोलली का नाहीस?” धाकट्याचा आवाज चिरकला.

“बोलले असते तर तुला वाटलं असतं, टेबलासाठी निमित्त शोधतेय... बाळापेक्षा मला...”

धाकट्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो मटकन तिच्या पायाशी बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. “आक्का, डोळे शिणवून तू मला वाढवलंस, आणि मी तुझाच उजेड काढून घ्यायला निघालो! माझी जीभ झडली कशी नाही ग!”

“ऊठ आधी! बाप झालास, असं रडतात का?” असं म्हणणारी आक्काच घळाघळा रडत होती. भावजयीने बाळ तिच्या कुशीत दिलं.

“रडून झालं की टेप धरा कुणीतरी,” खिडकीवाला नाक ओढत म्हणाला.

धाकट्याने डोळे पुसले, टेपचं टोक धरलं. “टेबल इथेच राहील, पाळणा पलीकडच्या भिंतीशी. उत्तरेची आधी घ्या. स्वच्छ काच. आक्का, तू टेबलाशी बस बघू, आणि सांग, तुला कुठपर्यंत हवी?”

तुला काय हवं, हे तिला कुणी विचारून कितीतरी वर्षं झाली होती. ती बाळाला घेऊन बसली, जराशी गोंधळली, मग संकोचाने हात वर करून म्हणाली, “इथपर्यंत... पुरे.”

तो तिथे खूण करणार, तेवढ्यात तिने त्याचा हात धरला.

“थांब रे. अजून वर घे!”