चंद्रीला ओळखीचा हात

चंद्री चोरीला गेली तेव्हा अख्खा संघ पंगतीत बसला होता.

अंतिम शर्यतीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी दीड वाजता, एकोणीस माणसांचा संघ तांबडा रस्सा ओरपतोय आणि मागच्या शेडमधून त्यांची गाडी कुणीतरी घेऊन जातंय, हे दुसऱ्या कुठल्या संघात घडलं नसतं. दुसरे संघ आळीपाळीनं जेवतात. कोल्हापूरच्या करवीर संघात मात्र पहिल्या वर्षापासून एकच रीत होती. जेवायचं तर सगळ्यांनी एका ओळीत, एका वेळी. चालकापासून टायरवाल्यापर्यंत कुणी मागं राहायचं नाही. ही रीत मोडू नये म्हणून एकदा भर पावसातही ते ताडपत्रीखाली ओळीनं बसले होते.

चंद्री ही स्टॉक कार होती, म्हणजे बाहेरून बाजारातल्या चारचाकीसारखी दिसणारी, पण आतून फक्त शर्यतीसाठी बांधलेली गाडी. रंग काळाकुळकुळीत आणि बॉनेटवर पांढरा ठिपका. अशा कपाळाच्या म्हशीला गावात जे नाव ठेवतात तेच गजामिस्त्रींनी तिला ठेवलं होतं. अशा गाडीला किल्ली नसते, खटका वर केला की ती सुरू होते. त्यात ही २०५१ सालची, बॅटरीवर चालणारी, म्हणजे जाताना आवाजही नाही.

हात धुऊन सगळे शेडमध्ये आले, तर मधली जागा रिकामी.

"आता गं बया!" म्हणून गजामिस्त्री तिथंच मटकन बसले. गजानन लोहार, वय एकसष्ट, संघाचे मुख्य कारागीर. चंद्रीचा एकेक नट त्यांच्या हातचा.

फाटकावरचा पहारेकरी पळत आला. हेल्मेट घातलेलं माणूस चंद्रीत बसून बाहेर गेलं, त्याला वाटलं लीलाताईच. त्यानं सलाम ठोकून फाटक उघडलं होतं.

लीलाताई म्हणजे शिवलीला चौगुले, संघाची चालक. वय चौतीस. ती तर पंगतीत भात वाढत होती, हे बाकीच्या अठरा जणांनी पाहिलं होतं. तिनं फक्त घड्याळ पाहिलं. पाच वाजता तांत्रिक तपासणी. तोवर गाडी तपासणीच्या मांडवात हजर नसेल तर संघ शर्यतीतून बाद. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी अंतिम फेरी गाठली होती.

गजामिस्त्री मात्र लगेच सावरले. "घाबरू नका रं! चोर लांब जायचाच न्हाई. आपली चंद्री एका हाताची म्हस हाय. दुसऱ्यानं धार काढायला हात लावला की लाथ. मी स्वतः बघितलंय चालवून. स्टिअरिंग हातात असं नाचतं की पन्नासच्या वर गाडी नेता येत न्हाई. फिरोजाबाईंनी चोरासाठी कुलूपच घातलंय तसं. जाऊन बघा, फाटकापुढं खड्ड्यात असंल."

सात-आठ जण मोटारसायकली घेऊन पळाले. खड्ड्यात काही नव्हतं. उलट कळे फाट्यावरच्या चहावाल्यानं सांगितलं, गाडी गगनबावड्याच्या रस्त्यानं सुसाट गेली, दोरी लावल्यासारखी सरळ. पोलिसांना फोन करायचं त्याला सुचलं नाही, त्यानं फोटो मात्र पाच काढले होते.

डॉ. फिरोजा शिकलगार, संघाची संशोधक, संगणकापुढं बसली होती. चंद्रीकडून येणारे बिनतारी संदेश आठ किलोमीटरपर्यंतच पोचत, तेवढ्या सहा मिनिटांची नोंद तिला मिळाली होती. ती नोंद पाहून तिचा चेहरा उतरला. तिनं लीलाला आणि मिस्त्रींना आत बोलावून दार लावून घेतलं.

"मिस्त्री, ते कुलूप नाही," ती म्हणाली. "लीला, सांगू का?"

लीलानं मान हलवली.

"लीलाचे हात थरथरतात. चार वर्षं झाली. सेकंदाला साधारण सहा वेळा."

मिस्त्रींनी लीलाच्या हातांकडं पाहिलं. तिनं ते पाठीमागं धरले होते. चार वर्षं ती हात असेच धरत आली होती, आणि मिस्त्रींना वाटायचं पोरगी ऐटीत उभी राहते.

"मग गाडी कशी चालवती ही?"

"त्यासाठीच मी 'स्थिरहस्त' बनवलं. स्टिअरिंगमधलं यंत्र. थरकाप आल्यावर तो दुरुस्त करायला जाल तर उशीर होतो, तेवढ्यात गाडी वाकडी जाते. म्हणून हे यंत्र लीलाच्या थरकापाचा ठेका शिकलं. पुढचा झटका कधी नि केवढा येणार हे त्याला आधीच कळतं, आणि नेमक्या त्याच क्षणी ते तेवढाच उलटा झटका देतं. याला मी प्रतिथरकाप म्हणते. दोन्हींची वजाबाकी होते आणि चाक स्थिर राहतं."

"आणि माझ्या हातात नाचलं ते?"

"तुमचा हात थरथरतच नाही. वजा करायला काही नाही, म्हणून नुसता उलटा झटकाच उरला. दुसऱ्या कुणाचा हात थरथरत असला तरी ठेका वेगळा, म्हणजे वजाबाकी अर्धीमुर्धी. लीला चालवते तेव्हा थरकापाचे शंभरातले तीन भाग शिल्लक राहतात. तुम्ही चालवलीत तेव्हा शंभरच्या शंभर." तिनं पडदा त्यांच्याकडं वळवला. "हा चोर. सुरुवातीला अकरा, सहाव्या मिनिटाला चार."

"म्हंजे?"

"म्हणजे चोराचा ठेका लीलाचाच आहे. थरकाप मात्र तिच्या तिप्पट जोराचा, पण ठेका ओळखीचा म्हणून यंत्र तो जोरही भराभर शिकत गेलं. हा आजार घराण्यातून येतो, मिस्त्री. इतका जुळणारा ठेका रक्ताच्या माणसाचाच असू शकतो."

नाव घ्यायची गरज नव्हती, लीलाला एकच रक्ताचं माणूस उरलं होतं.

दौलतराव चौगुले. एके काळी कोल्हापुरात पोरं त्यांच्यासारखे केस कापून घेत. अठरा वर्षांपूर्वी अंतिम शर्यतीत, सगळ्यांच्या पुढं असताना, चाळिसाव्या फेरीला त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरले आणि चालत निघून गेले. कारण कुणालाच सांगितलं नाही. दौलत्या भ्याला, असं गाव म्हणालं. लीला तेव्हा सोळा वर्षांची होती. वर्गातल्या पोरी तिला बघून, बापानं गाडी बाजूला घेतली त्याची नक्कल म्हणून, बेडकासारख्या बाजूला उड्या मारत. दौलतरावांनी साळवणच्या पुढं म्हशींचा गोठा घातला. लीलाची आई गेली, त्यानंतर बापलेकीचं बोलणं कायमचं थांबलं. दर दिवाळीला गोठ्यावरून तुपाचा डबा येई. तो पंगतीत वाढला जाई आणि लीला त्या दिवशी पानावर आडवा हात धरी.

"पोलिसांत जायचं तर ही नोंद द्यावी लागेल," फिरोजा म्हणाली. "मग तुझा हात जगाला कळेल."

"पोलीस नको," लीला म्हणाली. "मला ठाऊक आहे गाडी कुठं असेल ते. मिस्त्री, तुमची पिकअप काढा."

तिघं पिकअपमधून निघाले. कळे मागं पडल्यावर लीलाचा बांध फुटला. "अठरा वर्षं माझ्या एका शर्यतीला आला नाही हा माणूस. आणि आज आला तो चोरी करायला! स्वतः पळाला ते पळाला, आता मलाही..."

साळवणच्या अलीकडं एका वळणावर मिस्त्रींनी करकचून ब्रेक दाबला. समोरून चंद्री येत होती. आपल्या बाजूनं, वेगाची मर्यादा पाळून, शाळेच्या फलकापाशी हळू होत.

गाडी थांबली आणि हेल्मेट काढून एक उंच, पांढऱ्या मिशांचा म्हातारा खाली उतरला. उतरल्याबरोबर त्याचे हात थरथरायला लागले, हेल्मेट हातात खुळखुळ्यासारखं वाजू लागलं.

"घे बाई तुझी गाडी," दौलतराव म्हणाले. "खरचटलंबी न्हाई कुठं."

"का नेली?" लीला ओरडली. "एवढंच सांगा. का?"

"तू मरशील म्हणून."

"काय?"

"तुझी एक शर्यत सोडलेली न्हाई मी. गोठ्यात टीव्ही हाय. गेल्या महिन्यात शेवटच्या पाच फेऱ्या बघितल्या. भिंतीला घासलीस तू. समालोचक म्हणाला, टायर झिजलं. मी म्हटलं, टायर कसलं? असं बारीक बारीक नाचत गाडी भिंतीकडं जाती ती हातानं. माझी तशीच जायाची." त्यांनी हेल्मेट बॉनेटवर ठेवलं. "चाळिसाव्या फेरीला माझ्या शेजारी दोन गाड्या होत्या, लीले. माझा हात ऐकेना. आणखी एक फेरी मारली असती तर त्यातलं कुणीतरी मेलं असतं. म्हणून उतरलो. भ्याला म्हणाले, म्हणू दे. पण हात कापतोय हे सांगायची मात्र लाज वाटली. तीच माझी चूक. तुझ्या आईलाबी न्हाई सांगितलं."

लीला दोन पावलं पुढं आली.

"फोन उचलत न्हाईस. मग म्हटलं, गाडीच लपवायची. उद्याची शर्यत बुडंल, पोरगी शिव्या घालंल, पण जिवानिशी राहील. तुमचा संघ जेवायला कधी बसतो ते सगळ्या कोल्हापूरला ठाऊक हाय. पहिला मैलभर सावकाश, जीव मुठीत धरून नेली. आणि मग..." म्हाताऱ्यानं दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले. "हात कापत होता गं माझा, मला दिसत होता कापताना. पण गाडी सरळ! गोठा आला तरी थांबवलीच न्हाई मी. गगनबावड्यापर्यंत गेलो. अठरा-वीस वर्षांनी सरळ गाडी चालवली मी, पोरी. तिथं चहा प्यायला उतरलो तर कप धरवंना, तेव्हा कळलं की हात बरा झालेला न्हाई, माझ्या लेकीनं काहीतरी केलंय. मी जिथनं पळून आलो तिथं तू वाट काढलीस. मग मी कोण लागून गेलो तुला अडवणारा? आलो परत."

लीलानं पाठीमागचे हात पुढं घेतले. त्यांच्या हातांशेजारी धरले. चारही हात एकाच ठेक्यात कापत होते. मग ती बापाच्या गळ्यात पडली आणि सोळा वर्षांच्या पोरीसारखी रडली. गजामिस्त्रींनी रस्त्याकडं तोंड करून उगाचच एका ट्रकला हात दाखवला.

"आबा, शेवटच्या फेऱ्यांना यंत्र कमी पडतं," डोळे पुसत लीला म्हणाली. "दमलं की थरकाप वाढतो. तेवढा वाढलेला त्याला ठाऊक नसतो."

"नसायचा," फिरोजा म्हणाली. ती केव्हाच चंद्रीत शिरून नोंद तपासत होती. आता ती बाहेर आली. "आज शिकलं ते. बासष्ट किलोमीटर, तिप्पट थरकाप, घाटाची वळणं. शेवटी शिल्लक दोन. लीला, तू कितीही दमलीस तरी आता ते कमी पडणार नाही."

"चला मग, पाच वाजतील," मिस्त्री म्हणाले.

"थांबा," दौलतराव म्हणाले. "लीले, तपासणीवाल्यांना तुझा हात सांगितलास?"

लीलानं मान खाली घातली. नियमात साहाय्यक यंत्राला मनाई नव्हती. अटी दोनच होत्या: आजार जाहीर करायचा, आणि तसाच आजार असलेल्या दुसऱ्या माणसाच्या हाती यंत्राची चाचणी झालेली दाखवायची. तिच्याशी ठेका जुळणारा दुसरा माणूस फिरोजाला तीन वर्षं शोधून सापडला नव्हता, म्हणून दोघींनी आजारच लपवला होता.

"तुझ्या शेजारीबी दोन गाड्या असतील उद्या," म्हातारा एवढंच म्हणाला.

पाचला सात मिनिटं कमी असताना चंद्री तपासणीच्या मांडवात उभी राहिली. मुख्य तपासनीस शेवडे हे जन्मात न हसलेले गृहस्थ. लीलानं त्यांच्यापुढं दोन्ही हात धरले आणि सगळं सांगितलं. शेवड्यांनी फिरोजाची नोंद ओळ न् ओळ वाचली. दौलतरावांना दोन फेऱ्या मारायला लावल्या, मग लीलाला दोन. मग चष्मा काढला.

"चाचणी समाधानकारक आहे. पण तिचा पूर्वपरवाना कुठंय? ही चाचणी ठरली कधी?"

"दुपारी दीडला," गजामिस्त्री म्हणाले. "जेवायच्या सुट्टीत."

"चाचणी-चालकाची निवड कुणी केली?"

"त्यांनी स्वतःच केली की, साहेब."

शेवड्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसू होतं की नाही यावर संघात आजही वाद आहे. त्यांनी निकाल लिहिला. यंत्राला मान्यता. आजार लपवल्याबद्दल शिक्षा, उद्या करवीर संघाची गाडी सर्वांत मागून सुटेल, एकतिसावी.

"मागनं सुटंल ना? सुटू दे," दौलतराव म्हणाले. "म्हशी हाकणारा मागंच असतो."

मग अर्जावरचा शेवटचा रकाना राहिला. चाचणी-चालकाशी नातं. लीलानं पेन हातात घेतलं. स्थिरहस्त यंत्र फक्त स्टिअरिंगमध्ये होतं, पेनात नव्हतं, त्यामुळं 'वडील' हा शब्द बराच वेडावाकडा उमटला. शेवड्यांनी तो नीट वाचला आणि शिक्का मारला.

सातला पंगत बसली, या खेपेला वीस पानांची. दौलतराव परतताना गोठ्यावरून गाडीत टाकून आणलेला तुपाचा डबा घेऊन वाढायला उठले. नको नको म्हटलं तरी ऐकेनात. चमच्यातलं अर्धं तूप पानात आणि अर्धं मांडीवर, असं करत करत ते लीलाच्या पानाशी आले आणि थांबले. इतक्या दिवाळ्यांचा आडवा हात त्यांच्या कानावर आलेला होता.

लीलानं हात पुढं केला, पण आडवा नव्हे. तिनं बापाचं मनगट आधाराला धरलं. आता दोन्ही हात एकदम कापू लागले आणि चमचाभर तूप भातावर, मिठावर, फिरोजाच्या बाहीवर उडालं.

"फिरोजाबाई, ही काय वजाबाकी झाली न्हाई," गजामिस्त्री म्हणाले.

"नाही. बेरीज झाली," बाही पुसत फिरोजा म्हणाली.

दौलतराव ओशाळून चमचा मागं घेऊ लागले. लीलानं मनगट सोडलं नाही.

"आबा," ती म्हणाली, "अजून वाढा."