बाकावरची दुसरी चौकट

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. दाराची बेल वाजली तरी माझ्या हातातली बशी खाली पडते. तेव्हा पुढचं थोडं माझ्या स्वभावावर सोडून द्या. थोडंच. बाकीचं मला कॅमेऱ्यानं दाखवलं, आणि तो काही घाबरट नाही.

काम साधं होतं. तळ्याच्या अभयारण्याच्या कार्यालयात फोटो काढायला माणूस हवं होतं आणि साहेबांनी एकच गोष्ट मागितली होती : पाणमांजराचा एक फोटो, डोळा लख्ख दिसणारा. मी तीनदा फोटो नेले. तिन्ही वेळा पुढचं गवत पात्यापात्यानिशी स्पष्ट आणि मागं पाणमांजर म्हणजे नुसता तपकिरी डाग.

"गवत सुरेख आलंय," साहेब म्हणाले, "पण आम्ही गवत पाळत नाही हो."

आता शेवटची सकाळ होती. बाराच्या आत फोटो, नाहीतर ती जागा दुसऱ्या मुलीला.

या खेपेला कॅमेरा आत्यानं घेऊन दिला होता, कोरा करकरीत. तो स्वतःच डोळा शोधतो, डोळ्यावर छोटीशी चौकट बसवतो, आणि समोरचं हललं की चौकट त्याच्यामागं धावते. आठवडाभर मी शेजारच्या कुत्र्यावर सराव केला. शेवटी मला बघितलं की ते पाठ करून बसायला लागलं.

त्या सकाळी आत्याही आली. प्राण्यांना दिसू नये म्हणून बसायचं लपण तिच्या नवऱ्यानं, म्हणजे काकांनी, बांधलेलं. तळ्याकाठी कपाटाएवढी लाकडी खोली, समोर एक लांब फट, आत एक बाक. आत बोलायचं नाही, हा काकांचा कायदा. बाकावर बोटानं एकदा टक, म्हणजे थांब. दोनदा, म्हणजे दाब बटण. काका जाऊन चार वर्षं झाली. वाघाच्या काळजाचा माणूस, पण स्वतःचा फोटो निघताना हटकून डोळे मिटायचे. लग्नातसुद्धा नवरदेव झोपलेलेच दिसतात.

उजाडता उजाडता पोचलो. तळ्यावर धुकं, आत ओल्या लाकडाचा आणि शेवाळाचा वास. आत्या बाकाच्या अगदी कडेला टेकली.

"ऐसपैस बस ना," मी कुजबुजले.

"मला इथंच सवय आहे."

मी फटीतून लांबलचक लेन्स बाहेर काढली आणि बटण अर्धं दाबून धरलं. चौकट लगेच उमटली. लव्हाळ्यात. तिथं काहीच नव्हतं. पाण्यापासून चांगली वर होती चौकट... उकिडव्या बसलेल्या माणसाचं डोकं येईल तितकी.

"आत्या... तिथं कुणीतरी..."

टक.

मी गप्प झाले. चौकट हलली. काठाकाठानं, सावकाश, वाकून चालल्यासारखी उजवीकडे निघाली. लव्हाळ्याचं पातंही हलत नव्हतं. एका काळ्या दगडापाशी ती थांबली... आणि हळूच खाली बसली. दगड रिकामा होता. पळून जावंसं वाटत होतं, पण साहेबांचं ते गवत आठवलं आणि मी चौकट सोडली नाही.

टक. टक.

मी बटण दाबलं. त्याच क्षणी पाणी उसळलं आणि दगडावर पाणमांजर चढलं! तोंडात मासा, मागून दोन पिल्लं, एक शेपटीवरून घसरून परत पाण्यात. मी दाबतच राहिले.

फोटो बघितला आणि मला रडूच आलं. डोळा काचेच्या मण्यासारखा, मिशीच्या टोकावर थेंब. (साहेबांनी तो कार्यालयाच्या दारावर लावलाय, म्हणजे निकाल तुम्हाला कळलाच.) आम्ही दोघी कायदा मोडून ओरडलो, मिठ्या मारल्या. माझं डोकं छताला आपटलं.

"टकटक काय वेळेवर केलीस गं!" मी म्हटलं.

"मी? माझे दोन्ही हात दुर्बिणीला होते. मला वाटलं, तूच."

आत्यानं कॅमेरा हातात घेतला, चष्मा कपाळावर सारून पडद्यावर डोळे बारीक केले.

"अगं वेंधळे, हे काय? डोळे कुणाचे शोधायचे, तिथं 'प्राणी' नाही, 'माणूस' ठेवलंयस!"

खरंच की. रात्री आत्याचे फोटो काढून पाहिले होते, तेव्हापासून तसंच राहिलेलं. म्हणजे सकाळभर कॅमेरा माणसाच्या डोळ्यांमागं...

आत्या बराच वेळ त्या दगडाकडे बघत राहिली. मग पदर नीट केला आणि नव्या नवरीसारखी ताठ बसली. "माझा एक फोटो काढ. इथंच."

मी दाराशी सरकले, दुसरी छोटी लेन्स लावली. आत्याच्या डोळ्यावर चौकट आली. शेजारच्या रिकाम्या जागेत, जरा उंचावर, दुसरी आली. मी बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली : कुणाचे तरी डोळे मिटले आहेत.

फोटोत आत्याचे डोळे टक्क उघडे होते. हसत होती.

मी पडदा तिच्यासमोर धरला. तिनं वाचलं आणि शेजारी वळून अस्सल बायकोच्या आवाजात म्हणाली, "अहो, निदान आता तरी!" मग मला, "पुन्हा काढ."

चौकटी पुन्हा दोनच. मी बटण दाबलं.

या वेळी कॅमेऱ्यानं काहीच तक्रार केली नाही.